लायनर, मालट्रकचे

मालट्रकच्या चाकातील ड्रमवर आतून घासून गाडीचा वेग कमी करणारा झिजाऊ थर. डिस्क-ब्रेकमध्ये हेच काम पॅड करते. भारतातील बहुतेक जुन्या अवजड ट्रकना ड्रम-ब्रेक असल्याने येथे मुख्यतः लायनरचा विचार केला आहे.

चालकाने पेडल दाबले की हवेच्या दाबाने ब्रेक-चेंबरचा दांडा पुढे सरकतो, स्लॅक अ‍ॅडजस्टर फिरतो, आणि त्याला जोडलेल्या शाफ्टच्या टोकाचा ‘एस’ आकाराचा कॅम दोन ब्रेक-शू फाकवतो. शूवर रिव्हेटने बसवलेले लायनर ड्रमला भिडतात व गतीची उष्णता होते. लायनर झिजतो तो या घासण्यामुळे. तापमान वाढत गेले की झीजही झपाट्याने वाढते. म्हणून ‘लायनर किती किलोमीटर चालतो?’ या प्रश्नाला एकच आकडा देणारा फिटर विश्वासार्ह मानू नये. सपाट महामार्गावर लांब पल्ल्याची गाडी एका जोडावर लाखाच्या पुढे जाते. शहरात दर कोपऱ्याला थांबणाऱ्या कचरागाडीला त्याचा लहानसा हिस्साच मिळतो.

घाटाचे गणित तर वेगळेच आहे. 2018 मध्ये केंद्राने अक्षभाराची मर्यादा वाढवली आणि दोन अक्षांच्या ट्रकचे कमाल एकूण वजन 16.2 टनांवरून 18.5 टनांवर गेले. असा भरलेला ट्रक बोरघाटात खंडाळ्याहून खाली येताना सुमारे 500 मीटर उतरतो. त्यात मोकळी होणारी ऊर्जा साधारण 25 युनिट विजेइतकी भरते. ती इंजिनाने आणि एक्झॉस्ट ब्रेकने अडवली नाही, तर जवळजवळ सगळी लायनर आणि ड्रमवर येते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलला सोडणारा चालक नेमके हेच करतो. पुण्यातील नवले पुलाच्या उतारावरील अपघातांत न्यूट्रल आणि निकामी ब्रेक ही कारणे पुन्हा पुन्हा पुढे आली आहेत. तापलेल्या लायनरची पकड घटते. त्याच वेळी ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो. पेडल पूर्ण दाबूनही गाडी आवरत नाही, आणि थंड झाल्यावर तोच ब्रेक ठणठणीत वाटतो.

बदलण्याची वेळ जाडीवरून ठरवावी. अमेरिकी नियमांत हवेवर चालणाऱ्या ड्रम-ब्रेकच्या लायनरची किमान जाडी शूच्या मध्यावर 6.4 मिमी आहे (स्टिअरिंग अक्षावर सलग पट्टीचा लायनर असल्यास 4.8 मिमी), तर डिस्क पॅडची 3.2 मिमी. आपल्याकडे गाडीच्या उत्पादकाने दिलेली मर्यादा पाळावी. धूळपत्र्यातील तपासणीच्या भोकातून टॉर्चने जाडी दिसते. झिजेचा वेगही काढता येतो: 18 मिमीचा लायनर 40,000 किमीनंतर 12 मिमी उरला असेल, तर तशाच वापरात 6 मिमीपर्यंत यायला आणखी तेवढेच अंतर लागेल. ही मापे कागदावर ठेवणारे ट्रकमालक थोडेच. बाकीचे आवाजाची वाट पाहतात. आवाज येतो तेव्हा रिव्हेट ड्रमला चरे पाडत असतात आणि लायनरच्या खर्चात ड्रमचा खर्च मिळतो.

जाडी शिल्लक असूनही लायनर काढावा लागतो, तो तडकल्यावर, शूवरून सुटल्यावर किंवा हबच्या फुटक्या सीलमधून ऑइल-ग्रीस मुरल्यावर. पेट्रोलने धुऊन तोच परत बसवण्याची पद्धत सरळ चुकीची आहे. बदल नेहमी एका अक्षाच्या दोन्ही चाकांचा करावा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. ड्रमच्या आतला व्यास त्यावर कोरलेल्या कमाल मापाबाहेर गेला असेल, तर लेथवर न चढवता तो भंगारात द्यावा. जुनी धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. नवा लायनर सुरुवातीला ड्रमला पूर्ण भिडत नाही, त्यामुळे तो बसेपर्यंत भरलेली गाडी घाटात नेऊ नये.