पावणेतीन एकरांचं पांघरूण

31 जानेवारी 2016 रोजी चेन्नईत क्रोशाने विणलेलं एक ब्लँकेट अंथरलं गेलं. मापलं तेव्हा ते 11,148.5 चौरस मीटर भरलं. आपल्या जमिनीच्या हिशेबात सांगायचं तर पावणेतीन एकर. क्रोशाचं जगातलं सर्वांत मोठं ब्लँकेट म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. विणणाऱ्या गटाचं नाव 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स'. चेन्नईच्या सुबश्री नटराजन यांनी हा गट बांधला होता, आणि देशातल्या-परदेशातल्या हजारावर बायका त्यात क्रोशाची सुई घेऊन बसल्या होत्या.

विक्रमाच्या बातम्या आपण वाचतो आणि विसरतो. ही विसरू नये, कारण हे ब्लँकेट मुळात सुटं करण्यासाठीच जोडलं होतं. मीटरभर लांबी-रुंदीचे चौकोन घरोघरी विणले गेले, ते एकत्र आणून जोडले, मापणी झाली, आणि मग पुन्हा वेगळे करून गरजूंना द्यायचे असं आधीपासून ठरलेलं होतं. प्रत्येक चौकोन एका लेकराच्या अंगावर पुरेल एवढा. मोजणीच्या दिवशी जे एक होतं, त्याची दुसऱ्या दिवसापासून हजारो पांघरुणं व्हायची होती. ज्या शहरात हे घडलं, तिथे जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, डिसेंबर 2015 च्या सुरुवातीला, महापुराने लोकांचे संसार वाहून नेले होते, हेही लक्षात ठेवायला हवं.

तुकड्यांची ही कल्पना चेन्नईची नव्हे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉसॉ गावी एव्ही रोझेन यांचं लोकरीचं दुकान होतं. बेघरांसाठी ब्लँकेटं करायची तर एकटीने एक ब्लँकेट पुरं करायला महिने लागतात, आणि अर्ध्यावर सोडलेलं काम कपाटात पडून राहतं, हे दुकानात बसून त्यांना दिसत होतं. 1991 साली त्यांनी 'वॉर्म अप अमेरिका' सुरू केलं. प्रत्येकीने फक्त 7 बाय 9 इंचांचा तुकडा विणायचा. असे 49 तुकडे, सात ओळींत सात-सात, जोडले की एक पांघरूण तयार. ज्या म्हातारीच्या बोटांना संधिवाताने जोर उरलेला नाही, तिच्याकडूनही एवढं होतं. नुकती सुई धरायला शिकलेल्या मुलीकडूनही होतं.

पुढचा टप्पा दक्षिण आफ्रिकेचा. नेल्सन मंडेलांनी 67 वर्षं सार्वजनिक कामात घालवली, म्हणून त्यांच्या वाढदिवशी, 18 जुलैला, 67 मिनिटं सेवेची द्यावीत अशी तिकडे प्रथा आहे. मंडेलांच्या सचिव राहिलेल्या झेल्डा ला ग्रांज यांनी कॅरोलिन स्टेन यांना गळ घातली की, मंडेला दिनापर्यंत 67 ब्लँकेटं करून दे. एकटीच्याने होईना, तेव्हा स्टेनबाईंनी मैत्रिणींना साद घातली आणि त्याची चळवळ झाली. 2015 मध्ये प्रिटोरियाला तीन हजार चौरस मीटरहून मोठं ब्लँकेट अंथरून त्यांनी विक्रम केला. तुरुंगातले कैदीही विणायला शिकले. मंडेला ज्या तुरुंगातून मुक्त होऊन बाहेर पडले, त्याच्याच आवारात 2016 साली या चळवळीचं काम अंथरलं गेलं. चेन्नईचा विक्रम झाला तो दक्षिण आफ्रिकेच्या प्रिटोरियातल्या ब्लँकेटाला मागे टाकून. पण या चढाओढीत हरलं कोणीच नाही, कारण दोन्हीकडची पांघरुणं शेवटी उघड्यावर झोपणाऱ्यांकडेच जायची होती.

आपल्या घरांनाही हे अगदी अनोळखी नाही. 1962 च्या चीन युद्धात हिमालयातल्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे नव्हते, तेव्हा देशभरातल्या बायकांनी स्वेटर, मोजे, माकडटोप्या विणून पाठवल्या. ती पिढी 'दोन सुलट, दोन उलट' असं पुटपुटत, रेडिओवरच्या बातम्या ऐकत विणत होती. मात्र ते काम युद्ध संपलं तसं थांबलं. चेन्नईच्या गटाचं मोल मला इथे वाटतं: कुठल्याही युद्धाची हाक नसताना त्यांनी एवढे हात एकत्र आणले आणि पुढेही टिकवले.

आता प्रत्यक्ष कामाकडे. चार-पाच साखळ्या घालून गोल जोडायचा, त्या गोलात तीन खांब, दोन साखळ्या, असं चार वेळा करायचं. साखळ्यांच्या जागी कोपरे पडतात आणि चौकोन आपोआप आकार घेतो. पुढची प्रत्येक फेरी त्याच कोपऱ्यांतून वाढवायची. सोपं आहे, पण प्रत्येकीचा हात वेगळा. कोणाचा घट्ट, कोणाचा सैल. त्याच सुईने, त्याच लोकरीने, तेवढ्याच फेऱ्या घालून एकीचा चौकोन दुसरीपेक्षा दोन बोटं मोठा येतो. म्हणून अशा कामात फेऱ्या मोजून भागत नाही, टेप लावावीच लागते. लहान भरला तर एक फेरी मुक्या खांबांची घालायची, मोठा भरला तर उसवायचा. आणि रंग बदलताना राहिलेले शेंडे सुईने आत ओवून घ्यायचे. नुसती गाठ मारून कापलेला शेंडा चार धुण्यांत सुटतो, आणि मग अख्खी फेरी उसवत जाते. जोडणारीचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांचे शेंडे लपवण्यात जातं. तिचं नाव कुठल्याही बातमीत येत नाही. आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: स्वेटरचं विणकाम यंत्रावर होतं, क्रोशाचं होत नाही. त्या पावणेतीन एकरांतला प्रत्येक खांब कोणाच्या तरी बोटांतून आलेला आहे.

त्या ब्लँकेटानंतर 2017 मध्ये चेन्नईच्या गटाने 14 किलोमीटरहून लांब मफलर विणला, पुढच्या वर्षी क्रोशाच्या 58 हजारांहून अधिक बाहुल्या आणि प्राणी एकत्र मांडले. बाहुल्या देखण्या असतात, मुलं खूश होतात. पण माझं मन पहिल्या वर्षातच रमतं. पांघरुणाची सर त्यांना नाही.

हे सगळं मी इंदूरमधून लिहिते आहे. लालबागेजवळच्या आमच्या वस्तीत मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि नोव्हेंबर लागला की दुपारच्या उन्हात विणायला बसणाऱ्या बायकाही. माळव्याच्या रात्रीचं कौतुक 'शब-ए-मालवा' म्हणून सगळ्या देशात होतं. जानेवारीत तीच रात्र एम. वाय. हॉस्पिटलच्या आवारात, झाबुआ-धारकडून आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांसोबत काढून पाहावी. लालबागेच्या ज्या मैदानात मालवा उत्सवाला देशभरचे कारागीर येतात, तिथे असे चौकोन एकदा अंथरावेत असं मला फार वाटतं. मोजायला कोणी नाही आलं तरी चालेल.

कोणाला हात लावायचा असेल तर माप चेन्नईचंच घ्यावं, 40 बाय 40 इंच. लोकर चारपदरी, अ‍ॅक्रिलिकची. ती धुण्यात आटत नाही, दवाखान्यात वारंवार धुवावी लागली तरी टिकते. गडद रंग घ्यावेत, मळखाऊ. एवढा चौकोन होत नसेल तर दहा इंचांचे करावेत, सोळा तुकड्यांत तेच माप भरतं. शेंडे मात्र आत ओवूनच द्यावेत, आणि दिवाळीनंतर लगेच सुरुवात करावी, म्हणजे जोडायला डिसेंबरचे पहिले पंधरा दिवस मिळतात.