अनवाणी पाय आणि लांबचा पल्ला

गोंदिया जिल्ह्यांत बर्फ पडत नाहीं. हा तळ्यांचा आणि धानाच्या बांध्यांचा मुलूख. येथें पाय कणखर होतात ते रोवणीच्या चिखलांत व धुऱ्यांवरील पायपिटीनें. स्वीडन देशांत हजारों हौशी माणसें दर वर्षीं पायांस स्की नांवाच्या लांब पट्ट्या लावून सेलेनपासून मोरापर्यंत ९० किलोमीटर बर्फावरून शर्यत करितात. ही शर्यत १९२२ सालीं सुरू झाली. तिचें वर्णन वाचून आपल्याकडील वाचकास हा परक्या मुलखांतला शौक वाटला, तर त्यांत नवल नाहीं. परंतु लांब पल्ल्याची शर्यत ही वस्तु महाराष्ट्रास परकी नाहीं. तिच्या इतिहासाचें एक पान पुण्यास लिहिलें गेलें, आणि तें विस्मरणांत जाऊं देणें आम्हांस उचित वाटत नाहीं.

डेक्कन जिमखाना १९०६ सालीं स्थापन झाला. पुढें सर दोराबजी टाटा तेथील सामन्यांचे अध्यक्ष झाले. मैदानावर त्यांना शेतकरी वर्गांतील तरुण अनवाणी धांवतांना दिसले. शास्त्रोक्त शिक्षण त्यांस मिळालें नव्हतें, नियमांचीहि ओळख बेताचीच. तथापि लांबच्या धांवेस त्यांना लागलेला वेळ परदेशांतील धांवपटूंच्या वेळाशीं ताडून पाहण्याजोगा होता. टाटांनीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचें साहाय्य मिळविलें, पदरचें द्रव्य घातलें, आणि १९२० च्या अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदी संघ रवाना झाला. मॅरेथॉनकरितां निवडलेले दोघे होते फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. चौगुले बेळगांवचे.

२२ ऑगस्ट १९२० रोजीं ती शर्यत झाली. पुढें रूढ झालेलें ४२.१९५ किलोमीटरचें अंतर तेव्हां निश्चित नव्हतें. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता. दातारांस शर्यत पुरी करितां आली नाहीं. चौगुले यांनीं ती २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. पहिला आला फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन. त्यास २ तास ३२ मिनिटें ३५ सेकंद लागले. हा गृहस्थ बाळपणीं स्कीवरून दौडण्यांत तरबेज झालेला. म्हणजे बर्फानें घडविलेले पाय आणि दख्खनच्या तापल्या मातीनें घडविलेले पाय त्या दिवशीं एकाच रस्त्यावर आले होते.

दोहोंमध्यें अंतर पडलें तें अठरा मिनिटांचें. तें कशानें पडलें, हा खरा प्रश्न आहे. आमच्या लोकांत दम कमी, असें म्हणावें तर पहिल्याच प्रयत्नांत मिळालेला एकोणिसावा क्रमांक त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. आमच्या मतें फरक होता तो तयारीच्या वर्षांचा. कोलेहमाइनेननें १९१२ सालीं स्टॉकहोम येथें तीन सुवर्णपदकें मिळविलीं होतीं. मोठ्या शर्यतींचा त्याचा अनुभव आठ वर्षांहून अधिक होता. आमच्या संघास विलायतेंत सरावासाठीं मिळाले कांहीं आठवडे. लांबच्या धांवेंत प्रारंभीं वेग किती आवरावा, शेवटच्या दहा किलोमीटरांसाठीं शक्ति किती राखावी, हें ज्ञान नुसत्या काटकपणानें येत नाहीं. अंतर हळूहळू वाढवीत नेणें, विश्रांति नियमानें घेणें आणि बरोबरीच्या माणसांशीं वारंवार झुंजणें, यांतूनच तें येतें.

टाटांस हें उमगलें असावें. १९२७ सालीं इंडियन ऑलिंपिक असोसिएशन स्थापन झाली तेव्हां तिचें पहिलें अध्यक्षपद त्यांनीं स्वीकारलें. परंतु अशा संस्थेचें काम राजधानींत बसून पुरें होत नाहीं. गांवोगांवच्या शाळांत दूरवरून पायीं येणारीं मुलें आहेत. त्यांच्या हातीं वर्षांतून एकदां पेला ठेवून आपण समाधान मानतों. त्यांस चार-पांच वर्षांचा नियमित सराव व जाणता शिक्षक मिळवून देणें, हें सुशिक्षित गृहस्थांच्या आटोक्यांतलें काम आहे. अँटवर्पच्या त्या अठरा मिनिटांचा हिशेब त्यावांचून चुकता व्हावयाचा नाहीं.