ओव्हनमधली भरली ढोबळी मिरची : वाशीच्या बाजारापासून रात्रीच्या ताटापर्यंत

नवी मुंबई : घरी पाहुणे आले, सुट्टीला मुलं-नातवंडं जमली की रात्रीच्या जेवणात भरल्या वांग्यासोबत आता भरली ढोबळी मिरचीही दिसू लागली आहे. पूर्वी ती कढईत परतायची, आता अनेक घरांत ओटीजी किंवा मायक्रोवेव्ह ओव्हन आल्यामुळे ती भाजायची पद्धत रुजते आहे. पण तक्रार सगळीकडे एकच. वरून करपली, आतून कच्ची राहिली आणि ताटलीत पाणी सुटलं. अशी मिरची मुलं बाजूला सारतात, सारण तेवढं खातात आणि किलोभर मिरची वाया जाते.

यात दोष ओव्हनचा नसतो. ढोबळी मिरचीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. हे पाणी सारण भरायच्या आधी किती काढलं, यावर पदार्थ जमणार की फसणार ते ठरतं. खरेदीपासून वाढण्यापर्यंत हीच एक गोष्ट लक्षात ठेवायची.

नावं तीन, मिरची एकच

बाजार समितीच्या भावफलकावर 'ढोबळी मिरची' लिहिलेलं असतं, मुंबई-कोकणातल्या घरांत तिला 'भोपळी मिरची' म्हणतात, तर हातगाडीवाला 'सिमला' म्हणून ओरडतो. तिन्ही एकच. ही मिरची आपल्या लवंगी-ज्वाला मिरचीच्याच कुळातली, फक्त तिच्यात तिखटपणा देणारा घटक तयार होत नाही.

हिरवी आणि लाल या दोन वेगळ्या जाती आहेत असा अनेकांचा समज असतो. हिरवी म्हणजे न पिकलेली मिरची. तीच झाडावर आणखी दोन ते चार आठवडे राहिली की जातीप्रमाणे लाल किंवा पिवळी होते. तेवढे दिवस झाड सांभाळावं लागतं, कीड-रोगाचा धोका वाढतो, म्हणून रंगीत मिरचीचा भाव जास्त. चवीला ती गोडसर असते आणि तिच्यात क जीवनसत्त्वही हिरवीपेक्षा जास्त असतं. मात्र भाजण्यासाठी हिरवी जास्त सोयीची, कारण तिची भिंत घट्ट असते आणि आकार टिकतो. पहिल्यांदा करणाऱ्यांनी हिरवीच घ्यावी.

नवी मुंबईत माल येतो कुठून

मुंबईचा घाऊक भाजीपाला बाजार १९९६ साली भायखळ्याहून वाशीला हलला. तेव्हापासून वाशी-तुर्भे परिसरातलं मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचं आवार हेच मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या भाजीचं मुख्य ठिकाण आहे. पुणे, नाशिक, सातारा या जिल्ह्यांतून ढोबळी मिरचीच्या गाड्या रात्री निघतात आणि पहाटे माल उतरतो. तिथून तो किरकोळ विक्रेत्यांकडे, मग नेरूळ, ऐरोली, कोपरखैरणे, खारघरच्या मंड्यांत आणि हातगाड्यांवर जातो.

म्हणजे ताजी मिरची हवी असेल तर सकाळी खरेदी करावी. संध्याकाळपर्यंत हातगाडीवर उन्हात राहिलेली मिरची मऊ पडते. मऊ मिरची भाजीला चालते, पण भरायला घेतली की भाजताना बसते.

निवडताना काय पाहायचं

* मिरची हातात जड लागली पाहिजे आणि दाबल्यावर कडक वाटली पाहिजे.
* देठ हिरवा आणि ताजा हवा. देठ काळा पडला असेल तर माल जुना.
* साल तुकतुकीत हवी. सुरकुत्या, भोक किंवा उन्हाचा पांढरट चट्टा नको. भोक असेल तर आत अळी असू शकते.
* आकार मध्यम, साधारण १२० ते १५० ग्रॅमचा. किलोत सात-आठ बसतात. सगळ्या सारख्या आकाराच्या घेतल्या तर एकाच वेळी भाजून होतात.
* बूड चार उंचवट्यांचं असेल तर मिरची ट्रेमध्ये सरळ उभी राहते.

चार उंचवट्यांची मिरची 'मादी' आणि तीनची 'नर', त्यातली एक गोड आणि एक कडू, असं मोबाईलवर फिरत असतं. यात तथ्य नाही. मिरचीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. फळ हे फळ आहे, ते नर किंवा मादी नसतं. उंचवटे किती येतील हे जात आणि हवामानावर अवलंबून असतं.

साहित्य (सहा जणांसाठी)

* मध्यम हिरव्या ढोबळी मिरच्या : ८
* उकडलेले बटाटे : ३ मध्यम
* पनीर : १५० ग्रॅम, हाताने कुस्करून
* कांदा : १ मोठा, बारीक चिरून
* वाफवलेले मटार किंवा मक्याचे दाणे : अर्धी वाटी
* शेंगदाण्याचं जाडसर कूट : ३ मोठे चमचे
* बेसन : २ मोठे चमचे, कोरडं खमंग भाजून
* आलं-लसूण-हिरवी मिरची वाटण : १ मोठा चमचा
* हळद पाव चमचा, लाल तिखट १ चमचा, गोडा मसाला १ चमचा
* लिंबाचा रस : १ चमचा
* कोथिंबीर : मूठभर
* तेल : ३ मोठे चमचे
* मोहरी, जिरं, हिंग, मीठ अंदाजाने
* वरून घालायला : किसलेलं चीज किंवा सुकं खोबरं

यातलं भाजलेलं बेसन आणि शेंगदाण्याचं कूट चवीसाठी तर आहेच, पण त्यांचं मुख्य काम मिरचीतून सुटणारं पाणी शोषून घेण्याचं. ही दोन वगळू नयेत.

कृती

१. मिरच्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. देठाभोवतीच्या खळग्यात धूळ आणि फवारणीचा अंश साठतो, तिथे बोटाने चोळा. मग स्वच्छ फडक्याने पुसून पूर्ण कोरड्या करा.

२. देठाकडची टोपी गोल कापून काढा. टोपी फेकू नका. आतल्या बिया आणि पांढऱ्या शिरा सुरीने सोडवून घ्या. बूड कापलं जाणार नाही याची काळजी घ्या, नाही तर सगळा रस ट्रेमध्ये उतरेल.

३. आतून चिमूटभर मीठ चोळा आणि मिरच्या ताटात पालथ्या घाला. पंधरा मिनिटांत पाणी सुटतं. ते फडक्याने टिपून घ्या.

४. तोवर सारण करा. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंगाची फोडणी करा. कांदा गुलाबी परता, वाटण घाला, कच्चा वास गेला की हळद, तिखट, गोडा मसाला घाला. मग मटार, कुस्करलेला बटाटा, कूट, बेसन आणि मीठ घालून पाच मिनिटं परता. सारण कढईला सोडून गोळा होऊ लागलं की गॅस बंद करा. शेवटी पनीर, लिंबू, कोथिंबीर मिसळा. मिरच्यांना आतून मीठ लावलेलं आहे, म्हणून सारणात हात राखून घाला.

५. ओव्हन २०० अंशांवर दहा मिनिटं तापवा. मिरच्यांना बाहेरून तेलाचा हात लावा आणि रिकाम्याच, तोंड खाली करून, १२ मिनिटं भाजा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि म्हणूनच साल कच्ची राहते.

६. ट्रे बाहेर काढा, जमलेलं पाणी ओतून टाका. मिरच्या उलटून सारण भरा. गच्च दाबू नका, काठापर्यंत सैलसर भरा. टोप्या पुन्हा बसवा किंवा वर चीज घाला.

७. १९० अंशांवर २० ते २५ मिनिटं भाजा. बुडाशी सुरी टोचून पाहा. ती अडखळता कामा नये. चीज घातलं असेल तर शेवटची तीन-चार मिनिटं फक्त वरची कॉइल लावा.

८. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं थांबून वाढा. लगेच कापली तर सारण सांडतं आणि जीभ भाजते.

वेळेचं गणित

साडेआठला पानं घ्यायची असतील तर पावणेसातला बटाटे उकडायला लावावेत. सातला मिरच्या कोरून मीठ लावायचं, साडेसातपर्यंत सारण तयार, सातचाळीसला रिकाम्या मिरच्या ओव्हनमध्ये आणि आठच्या आत भरलेल्या. मधल्या वेळात वरण-भात आणि भाकरी होते. पाहुणे उशिरा येणार असतील तर मिरच्या भरून बाहेर ठेवू नका. रिकाम्या भाजलेल्या मिरच्या आणि सारण वेगवेगळं ठेवा, पाहुणे आले की भरा.

विजेची काळजी असते. १५०० वॅटचा ओटीजी पाऊण तास सलग तापत राहिला तरी सव्वा युनिटच्या आत काम होतं. प्रत्यक्षात ठरलेलं तापमान आलं की कॉइल बंद-चालू होत राहते, त्यामुळे वापर त्याहून कमीच.

मायक्रोवेव्ह असेल तर तो 'कन्व्हेक्शन'वर लावावा. साध्या मायक्रोवेव्हवर मिरची भाजत नाही, वाफवते. त्यात धातूचा ट्रे किंवा फॉइलही चालत नाही.

ओव्हन नसेल तर

जाड बुडाची पसरट कढई घ्यावी. तेलावर रिकाम्या मिरच्या आधी सगळीकडून परतून डागाळू द्या, मग भरून उभ्या ठेवा आणि मंद आचेवर २५ मिनिटं झाकून ठेवा. भाज्या शिजवताना झाकणात पाणी ठेवायची आपली सवय असते. इथे ते करू नये. झाकण गार राहिलं की वाफेचं पाणी होऊन तेच मिरचीवर ठिबकतं. झाकण किंचित तिरकं ठेवलं तर वाफ निघून जाते.

चूल असेल तर आणखी चांगलं. कोकणात धोंडस करताना खाली मंद आच आणि झाकणावर निखारे ठेवतात. त्याच रीतीने मिरचीलाही दोन्ही बाजूंनी आच लागते. हाच आपला जुना ओव्हन.

सारणात बदल

आगरी-कोळी घरांत सुका जवळा असतोच. तो निवडून, धुऊन, पिळून कोरडा भाजावा आणि बटाटा-पनीरऐवजी कांदा, खोबरं, कोकमासोबत परतून भरावा. जवळ्यात मुळात खारटपणा असतो, मीठ चाखूनच घाला. खिमा भरायचा असेल तर तो आधी कढईत पूर्ण शिजवून, पाणी आटवून मगच भरा. कच्चा खिमा मिरचीत भरून भाजला तर साल होते पण मधला भाग कच्चा राहू शकतो आणि त्यातून पोट बिघडतं. कांदा-बटाटा न खाणारे शेजारी जेवायला असतील तर उकडलेलं कच्चं केळं वापरा. त्याने गोळाही छान होतो.

वाकडी मिरची फेकू नका

घाऊक बाजारात सारख्या, चौकोनी, डागविरहित मिरचीला भाव मिळतो. वाकडी, लहान किंवा एका बाजूने दबलेली मिरची वेगळी काढली जाते आणि ती कमी दरात जाते. काही वेळा तोडणी आणि गाडीभाडंही निघत नाही, तेव्हा ती बांधावरच पडते. चवीत मात्र काही फरक नसतो. अशी मिरची देठासकट उभी चिरून दोन होड्या करा. ती आडवी भाजते, उभी राहायची गरजच नाही, सारण कमी लागतं आणि वेळही पाच-सात मिनिटांनी वाचतो. लहान मुलांना अर्धी होडी पुरते, पानात उरत नाही.

राज्य सरकारने २०१६ मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला. त्यामुळे शेतकरी गट आपला माल बाजार समितीच्या आवाराबाहेर, शहरातल्या सोसायट्यांपर्यंतही थेट विकू शकतात. अशा विक्रीत वाकडा माल 'भरायची मिरची' म्हणून वेगळा ठेवला आणि उभी कशी चिरायची ते गिऱ्हाइकाला सांगितलं, तर तो पडून राहणार नाही. घरच्यासाठी तोडतानाही फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते औषधाच्या लेबलवर वाचावं. बाजाराच्या मालाला जो नियम, तोच घरच्या ताटाला.

उरली तर

भरलेली मिरची दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, पनीर असेल तर मुळीच नाही. झाकून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी संपवावी. पुन्हा गरम करताना तव्यावर चिरून परता, मऊ पडलेली साल त्यात लपून जाते. डब्याला द्यायची असेल तर हीच मिरची चिरून पोळीत गुंडाळली की मुलं विचारतही नाहीत आत काय आहे ते.