निगमन आणि विगमन: तर्काच्या या दोन पद्धतींत नेमका फरक काय?

भात शिजला की नाही हे बघायला कोणी अख्खं पातेलं संपवत नाही. एक-दोन शितं बोटांनी दाबली की काम होतं. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आपण सहज वापरतो, पण तर्कशास्त्राच्या भाषेत हे 'विगमन' आहे. इंग्रजीत त्याला इंडक्टिव्ह रीझनिंग म्हणतात. थोडं पाहायचं आणि त्यावरून न पाहिलेल्याबद्दल निष्कर्ष काढायचा.

आता दुसरं उदाहरण घेऊ. भारतात वयाची १८ वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीलाच मतदान करता येतं. एक मुलगी १७ वर्षांची आहे. म्हणजे तिला मतदान करता येणार नाही. इथे कोणतंही सर्वेक्षण करावं लागलं नाही, दहा मतदान केंद्रांवर जाऊन पाहावं लागलं नाही. नियम आणि वय या दोन गोष्टी माहीत असल्या की निष्कर्ष आपोआप निघतो. हे 'निगमन', म्हणजेच डिडक्टिव्ह रीझनिंग.

डी.एड., बी.एड. करणाऱ्यांना याच विचारावर उभ्या असलेल्या उद्गामी आणि अवगामी अध्यापन पद्धती माहीत असतात. उद्गामी पद्धतीत उदाहरणांकडून नियमाकडे जातात, अवगामी पद्धतीत नियमाकडून उदाहरणाकडे. पण तर्काच्या या दोन प्रकारांमधला खरा फरक एवढाच आहे का?

फरक दिशेचा की खात्रीचा?

'निगमन म्हणजे सामान्याकडून विशेषाकडे आणि विगमन म्हणजे विशेषाकडून सामान्याकडे' ही व्याख्या पाठ करायला सोपी आहे, पण ती सगळीकडे लागू होत नाही. 'या दुकानातून घेतलेल्या तीनही चपला वर्षभर टिकल्या, म्हणजे ही चौथीही टिकेल' हा विचार विशेषाकडून विशेषाकडेच जातो. तरीही तो विगमन आहे.

खरा फरक आहे तो हमीचा. निगमनात आधीची विधानं खरी असतील, तर निष्कर्ष खोटा असूच शकत नाही. विगमनात आधीची सगळी विधानं खरी असूनही निष्कर्ष खोटा ठरू शकतो. तिथे हमी नसते, शक्यता असते. ती कधी खूप जास्त असते, तर कधी अगदीच कमी.

मग निगमनच श्रेष्ठ म्हणायचं का? तसंही नाही. निगमनाचा निष्कर्ष आधीच्या विधानांमध्ये दडलेलाच असतो, निगमन फक्त तो बाहेर काढतं. जगाबद्दल नवी माहिती हवी असेल तर अनुभवाकडे, म्हणजे विगमनाकडे, जावंच लागतं.

निगमन कुठे फसतं?

देवमाशाचं उदाहरण पाहू.

सर्व मासे पाण्यात राहतात. देवमासा पाण्यात राहतो. म्हणून देवमासा हा मासा आहे.

यातली पहिली दोन्ही विधानं खरी आहेत, पण निष्कर्ष चुकीचा आहे. देवमासा हा सस्तन प्राणी आहे, तो पिल्लांना दूध पाजतो. गडबड तर्काच्या रचनेत आहे. सगळे मासे पाण्यात राहतात, याचा अर्थ पाण्यात राहणारे सगळे मासे असतात असा होत नाही.

आता पहिलं विधान बदलू. पाण्यात राहणारे सर्व प्राणी मासे असतात. देवमासा पाण्यात राहतो. म्हणून देवमासा हा मासा आहे.

या वेळी तर्काची रचना अगदी बरोबर आहे, पण पहिलं विधानच खोटं आहे. त्यामुळे निष्कर्षही घसरला. म्हणजे निगमनावर विश्वास ठेवण्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात: रचना बरोबर आहे का आणि सुरुवातीची विधानं खरी आहेत का.

स्पर्धा परीक्षांमधल्या 'विधान आणि निष्कर्ष' प्रकारच्या प्रश्नांत यातली पहिलीच गोष्ट तपासली जाते. दिलेली विधानं प्रत्यक्षात खोटी असली तरी ती खरी मानायची आणि त्यातून काय निघतं तेवढंच पाहायचं, अशी सूचना तिथे असते. ती विसरून स्वतःचं सामान्यज्ञान वापरलं की उत्तर चुकतं.

विगमन कुठे फसतं?

युरोपात शतकानुशतकं लोकांनी फक्त पांढरे राजहंस पाहिले होते. त्यामुळे 'काळा राजहंस' हा शब्दप्रयोग तिथे अशक्य गोष्टीसाठी वापरला जायचा. १६९७ मध्ये डच दर्यावर्दी विलेम द व्लामिंग यांच्या मोहिमेला ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात काळे राजहंस दिसले. शेकडो वर्षांच्या निरीक्षणावर उभा असलेला निष्कर्ष तिथे कोसळला.

गणितातलं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. १७व्या शतकातले फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्मा यांच्यासमोर एका सूत्रातून मिळणाऱ्या संख्या होत्या. त्यातल्या पहिल्या पाच म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७. या पाचही मूळ संख्या आहेत. पुढच्या सगळ्याही मूळ संख्याच असतील, असं फर्मा यांना वाटलं. १७३२ मध्ये लिओनार्ड ऑयलर यांनी सहावी संख्या तपासली. ती होती ४,२९,४९,६७,२९७ आणि तिला ६४१ ने पूर्ण भाग जातो. म्हणूनच गणितात कितीही उदाहरणं जुळली तरी त्याला सिद्धता म्हणत नाहीत. सिद्धता निगमनानेच द्यावी लागते.

मग शितावरून भाताची परीक्षा का चालते? कारण पातेल्यातला तांदूळ एकाच जातीचा असतो आणि त्याला उष्णता जवळपास सारखी मिळते. म्हणजे ते एक शीत इतर शितांचं खरोखर प्रतिनिधित्व करतं. निवडणुकीच्या एक्झिट पोलचं तसं नसतं. मतदार एकसारखे नसतात. फक्त शहरातल्या किंवा एकाच वस्तीतल्या लोकांना विचारलं तर संख्या कितीही मोठी असो, अंदाज चुकू शकतो. विगमनात नमुना किती मोठा याच्याइतकंच तो किती विविध आहे हेही महत्त्वाचं असतं.

दोन्ही तर्कांनी वाचलेले जीव

प्रत्यक्षात या दोन पद्धती हातात हात घालून चालतात. याचं गाजलेलं उदाहरण व्हिएन्नातलं आहे. १८४० च्या दशकात तिथल्या जनरल हॉस्पिटलमध्ये प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करायचे, दुसऱ्यात सुईणी. १८४६ मध्ये पहिल्या विभागात सुमारे ११ टक्के माता प्रसूतिज्वराने दगावल्या. दुसऱ्या विभागात हे प्रमाण ३ टक्क्यांहून कमी होतं.

इग्नाझ सेमेलवाइस हे तिथले तरुण डॉक्टर. त्यांनी कारणांची एकेक शक्यता तपासायला घेतली. गर्दीमुळे आजार होत असेल, तर जास्त गर्दीच्या विभागात जास्त मृत्यू व्हायला हवेत. पण जास्त गर्दी तर दुसऱ्या विभागात होती. म्हणजे गर्दी हे कारण नाही. मरणासन्न रुग्णाकडे घंटा वाजवत जाणाऱ्या धर्मगुरूच्या भीतीने असं होत असेल, तर त्यांचा मार्ग बदलून आणि घंटा बंद करून मृत्यू कमी व्हायला हवेत. तेही झाले नाहीत. 'हे कारण खरं असेल तर अमुक दिसेल, ते दिसत नाही, म्हणून हे कारण खोटं' हे शुद्ध निगमन होतं.

मार्च १८४७ मध्ये त्यांचे सहकारी याकोब कोलेचका यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या हातातल्या चाकूने त्यांना जखम झाली होती. त्यांची लक्षणं प्रसूतिज्वरासारखीच होती. पहिल्या विभागातले डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिगृहात येत असत, सुईणी शवविच्छेदन करत नसत. या साम्यावरून सेमेलवाइस यांनी अंदाज बांधला की मृतदेहांतलं काहीतरी हातांवाटे मातांपर्यंत पोहोचतंय. हे विगमन होतं.

मे १८४७ पासून त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये सुमारे १८ टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण जूनपासून २ टक्क्यांच्या आसपास आलं.

तरीही त्यांचा निष्कर्ष पूर्ण नव्हता. त्याच वर्षी पुढे, सडलेली जखम असलेल्या एका कर्करोगग्रस्त महिलेला तपासल्यानंतर डॉक्टरांनी हात पुन्हा निर्जंतुक न करता त्याच खोलीतल्या १२ महिलांना तपासलं. त्यातल्या ११ जणी दगावल्या. संसर्ग फक्त मृतदेहांतूनच नव्हे, जिवंत रुग्णाकडूनही पसरतो, हे तेव्हा लक्षात आलं. अंदाज खरा ठरल्याचे पुरावे मिळाले की तो अधिक बळकट होतो, पण त्याला शंभर टक्के हमी मिळत नाही.

धूर, अग्नी आणि चार्वाकांचा प्रश्न

भारतीय न्यायदर्शनात डोंगरावरचा धूर पाहून तिथे अग्नी असल्याचं अनुमान करणं, हे नेहमीचं उदाहरण आहे. या अनुमानाचे पाच अवयव सांगितले जातात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. इथे 'निगमन' म्हणजे शेवटचा निष्कर्ष. 'जिथे धूर तिथे अग्नी' या कायमच्या संबंधाला व्याप्ती म्हणतात. स्वयंपाकघरातली चूल हे तिचं उदाहरण. म्हणजे निगमन आणि विगमन दोन्हींचे धागे या एकाच अनुमानात आहेत.

चार्वाकांचा आक्षेप व्याप्तीवरच होता. सगळ्या काळातला, सगळ्या ठिकाणचा धूर कोणी पाहिलेला नाही, मग हा संबंध कायमचा आहे हे कशावरून? १८व्या शतकात स्कॉटिश विचारवंत डेव्हिड ह्यूम यांनीही याच स्वरूपाचा प्रश्न विचारला. आजवर सूर्य उगवला म्हणून उद्याही उगवेल, हे कशाच्या आधारावर म्हणायचं? 'आजवर असंच होत आलंय' हे उत्तर दिलं, तर ते पुन्हा विगमनच झालं.

रोजच्या व्यवहारात याचा काय उपयोग?

'आमचे आजोबा ९० वर्षं जगले, ते रोज तंबाखू खायचे' हा युक्तिवाद अनेकांनी ऐकलेला असतो. एका आजोबांवरून काढलेला हा निष्कर्ष म्हणजे कच्चं विगमन. तंबाखूमुळे लवकर गेलेली माणसं आपली बाजू मांडायला हजर नसतात.

फसव्या गुंतवणूक योजनांचं गणितही याच सवयीवर चालतं. सहा महिने परतावा वेळेवर खात्यात जमा होतो. त्यावरून 'पुढेही होईल' असं वाटतं आणि माणूस आणखी पैसे टाकतो, नातेवाइकांनाही गळ घालतो. अशा वेळी एक निगमनात्मक प्रश्न उपयोगी पडतो: हे पैसे येतात कुठून? योजनेचा स्वतःचा कोणताही नफा नसेल आणि जुन्या गुंतवणूकदारांना नव्यांच्या पैशातूनच परतावा मिळत असेल, तर नवे लोक यायचे थांबले की परतावा थांबणारच. इथे 'बहुधा' नाही. आधीचे किती हप्ते वेळेवर आले, याने या निष्कर्षात काहीही फरक पडत नाही.

म्हणून समोर कोणताही दावा आला की दोन प्रश्न विचारता येतात. दावा अनुभवावर उभा असेल, तर तो अनुभव किती जणांचा आणि किती वेगवेगळ्या परिस्थितींतला आहे? आणि दावा नियमावर उभा असेल, तर तो नियम खरा आहे का आणि निष्कर्ष त्यातून खरंच निघतो का?