बरोबरी (बुद्धिबळ) : प्रस्ताव व निर्णय

डावात दोन्ही खेळाडूंना अर्धा-अर्धा गुण देणारा निकाल. जिच झाली किंवा मात करण्याइतके बळच पटावर उरले नाही, तर डाव आपोआप बरोबरीत सुटतो. तीच स्थिती तीनदा आल्यास, तसेच प्यादे न हलता व काहीही न मारता दोन्ही बाजूंच्या 50 खेळ्या झाल्यास मागणी करावी लागते. प्रस्तुत नोंद उभयसंमतीच्या बरोबरीपुरती आहे.

रीत : आधी पटावर खेळी करावी, मग प्रस्ताव मांडावा आणि त्यानंतर घड्याळाची कळ दाबावी. दिलेला प्रस्ताव मागे घेता येत नाही. प्रतिस्पर्ध्याने तोंडी नकार दिला किंवा खेळण्याच्या हेतूने मोहऱ्याला हात लावला, की तो संपतो. दोघांनीही स्कोअरशीटवर (=) ही खूण करायची असते; ती बहुधा राहून जाते.

निर्णय : पटावरची स्थिती हा त्यातला एकच भाग. उरलेली मिनिटे आणि बरोबरीनंतर पुढे काय, यांवर बरेच ठरते. मॉस्कोत 2012 च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात अखेरच्या, बाराव्या डावात आनंदने बरी स्थिती असताना 22 व्या खेळीला गेल्फांडपुढे बरोबरी ठेवली. सामना 6–6 झाला आणि जलद डावांत आनंद 2.5–1.5 ने जिंकला. लंडनमध्ये 2018 साली कार्लसनने हेच केले. बारावा डाव, काळी मोहरी, स्थिती सरस, वेळही कारुआनापेक्षा जास्त. तरी 31 व्या खेळीनंतर प्रस्ताव. कास्पारोवने जाहीर नापसंती व्यक्त केली व जलद डावांत कार्लसनचे पारडे जड असल्याच्या आपल्या मताचा फेरविचार केला. दोन दिवसांनी कार्लसनने जलद डाव 3–0 असे जिंकले. टीका पटापुरती खरी होती. सामन्याचा हिशेब वेगळा होता.

बरोबरीसाठी खेळणे : याची सवय घातक ठरते. सेव्हिल येथे 1987 साली जगज्जेतेपदाच्या सामन्याच्या शेवटच्या डावात कार्पोवला अर्धा गुण पुरेसा होता. कास्पारोवने चढाईऐवजी संथ खेळ करून मोहरी पटावर राखली व डाव जिंकला. सिंगापूरमध्ये 2024 साली जगज्जेतेपदाच्या सामन्याच्या अखेरच्या, चौदाव्या डावात गुकेशविरुद्ध एक प्यादे कमी असलेला डिंग बरोबरी गाठण्याच्या बेतात होता. 55 व्या खेळीला त्याने हत्तींची अदलाबदल देऊ केली, त्यातच उंटही मारामारीत जाणार होते आणि उरणारा प्याद्यांचा डाव हरलेला होता. गुकेश जगज्जेता झाला.

संगनमत : क्युरासाव येथील 1962 च्या आव्हानवीर स्पर्धेत पेत्रोस्यान, केरेस व गेलर यांचे आपसांतील बाराही डाव बरोबरीत सुटले. फिशरने संगनमताचा आरोप केला. त्याबाबत मतभेद आहेत. पुढील आवर्तनापासून बाद पद्धतीचे सामने आले.

निर्बंध : सोफिया येथील 2005 च्या स्पर्धेत परस्पर बरोबरीला बंदी होती, पुढे अन्यत्रही तसे नियम आले.

महाराष्ट्र : बातुमी येथील 2025 च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुखचे हंपीविरुद्धचे दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले, जलद डावांत दिव्या 1.5–0.5 ने विजयी.