मोगलीपासून तांजिरोपर्यंत

लालबाग-परळमधल्या चाळिशीच्या आसपासच्या कुणालाही विचारा, तू पहिलं अ‍ॅनिमे कोणतं पाहिलंस? बहुतेक जण ‘पोकेमॉन’ म्हणतील, थोडे ‘ड्रॅगन बॉल झी’. माझं उत्तर वेगळं आहे. आमच्या पिढीचं पहिलं अ‍ॅनिमे म्हणजे दूरदर्शनवरचा मोगली. टोकियोच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ मध्ये किपलिंगच्या कथांवर ५२ भागांची मालिका काढली, फुमिओ कुरोकावा तिचे दिग्दर्शक. १९९३ मध्ये ती हिंदीत येऊन दर रविवारी आमच्या घरात शिरली. चाळीत ज्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. हे सगळं जपानी हातांनी काढलेलं आहे, याची त्या खोलीत कुणालाही कल्पना नव्हती.

कल्पना येणार तरी कशी? शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची. मूळ जपानी मालिकेत हे गाणं नव्हतंच, ते इथे खास हिंदीसाठी केलं गेलं. आणि शेरखानाच्या तोंडून बोलत होते नाना पाटेकर. मुरूड-जंजिऱ्याचा, जे. जे. इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्टमध्ये शिकलेला, चित्रकलेच्या वळणातून रंगभूमीवर आलेला माणूस. वाक्याच्या मध्येच थांबून उरलेले शब्द दाताखाली चावत टाकायची त्यांची लकब त्या वाघाला अशी काही चिकटली, की २०१६ मध्ये डिस्नेचा ‘जंगल बुक’ हिंदीत आला तेव्हा शेरखानासाठी पुन्हा नानांनाच बोलवावं लागलं. चित्र टोकियोचं आणि आवाज मुंबईचा. आमच्या अ‍ॅनिमे-वेडाचं कूळ मी इथून मोजतो.

हे वेड इंटरनेटने आणलं, असं हल्ली सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. इंटरनेटने ते पसरवलं, हे खरं. पण त्याची मुळं या शहरात कितीतरी आधीपासून आहेत, आणि ती गिरगाव, दादर, पेडर रोड अशा ओळखीच्या पत्त्यांवर सापडतात.

सगळ्यात जुना पत्ता दादरचा. गिरगावात एका तंबूत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहून झपाटलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन परतले. ‘राजा हरिश्चंद्र’ला पैसे लावणारा कुणीतरी हवा होता, आणि त्याला या यंत्राची करामत दाखवल्याशिवाय तो खिशात हात घालणार नव्हता. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा ठेवला. एक चौकट टिपायची, थांबायचं, पुन्हा एक चौकट. असं दिवसामागून दिवस. पडद्यावर लावलं तेव्हा अंकुर बघता बघता मातीतून वर आला, पानं उलगडली, वेल चढली. ‘अंकुराची वाढ’ ती हीच. जी वस्तू स्वतःहून डोळ्यादेखत हलत नाही, तिला चौकटीमागून चौकट टिपून हलवायचं, ही अ‍ॅनिमेशनची मूळ युक्ती, आणि ती दादरमध्ये झाली. पुढे १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ काढली, त्यात काड्याच नाचल्या. जपानी अ‍ॅनिमेचा इतिहास साधारणपणे १९१७ पासून मोजतात. शिमोकावा, कोउची आणि कितायामा या तिघांनी त्या वर्षी आपापले छोटे चित्रपट दाखवले. फाळक्यांचा या तिघांशी काही संबंध नव्हता, आणि कोण आधी हा वाद घालण्यात मला रस नाही. मला एवढंच वाटतं की दादासाहेब फाळके रोडवरून रोज लोकल पकडायला धावणाऱ्या, मोबाइलवर ‘नारुतो’ बघणाऱ्या पोरांना ती कुंडी माहीत असावी.

दुसरा पत्ता पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनचा. तिथल्या कार्टून विभागात १९५६ मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि त्यांच्या हाताखाली पंचविशीतले राम मोहन तयार झाले. भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक म्हणून पुढे त्यांचं नाव झालं, २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. पण माझ्या लेखी त्यांचं सर्वांत मोठं काम वेगळं आहे, आणि त्यासाठी मला थोडं थांबायलाच हवं.

युगो साको नावाचे जपानी दिग्दर्शक १९८३ मध्ये डॉ. बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करायला भारतात आले आणि रामायणाने त्यांना धरून ठेवलं. जपानी भाषेतली रामायणं त्यांनी मिळवून वाचली. राम हा देव, तो एखाद्या नटाने उभा करण्यापेक्षा चित्रातच शोभेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. इथल्या सरकारबरोबर मिळून चित्रपट करायचा त्यांचा बेत होता. पण रामायणाचं ‘कार्टून’ म्हटल्यावर कपाळाला आठ्या पडल्या, विषय नाजूक ठरला आणि सरकारी भागीदारी बारगळली. अखेर चित्रपट जपानमध्येच तयार झाला. त्याच्या दिग्दर्शकांत साको आणि कोइची सासाकी यांच्या जोडीला तिसरं नाव आहे राम मोहन यांचं. संगीत वनराज भाटियांचं, तेही मुंबईचेच.

या चित्रपटाकडे नीट पाहा. रामाच्या चेहऱ्याची ठेवण, डोळ्यांतली चमक, वाऱ्यावर हलणारं गवत हे सगळं अस्सल जपानी वळणाचं. पण धोतराची निरी चालताना कशी पडते, नमस्काराला हात किती उंचीवर जुळतात, मोठ्यांच्या पायाशी वाकताना खांदा कसा झुकतो, हे टोकियोतल्या चित्रकाराला कुठून कळावं? ते राम मोहन आणि त्यांच्यासोबतच्या भारतीय मंडळींनी दाखवून दिलं. म्हणूनच तो चित्रपट परका वाटत नाही. जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. डिसेंबर १९९२ नंतरचे ते दिवस आठवा. रामाचं नाव घेणारा कुठलाही चित्रपट निवांतपणे चित्रगृहात लागावा अशी ती वेळ नव्हती. त्यामुळे आमच्यापर्यंत तो पोचला तो बऱ्याच उशिराने, कार्टून नेटवर्कवर, सणासुदीच्या सुट्टीत. चित्रगृहांत तो थाटात लागला थेट २४ जानेवारी २०२५ रोजी. राम मोहन २०१९ मध्येच गेले होते. त्यांना तो दिवस दिसायला हवा होता, ही रुखरुख माझ्या मनातून जात नाही.

आता आवाजाबद्दल. डिस्नेच्या पद्धतीत आधी आवाज ध्वनिमुद्रित होतो आणि मग त्या उच्चारांबरहुकूम ओठ रेखाटले जातात. ओसामू तेझुका यांनी १ जानेवारी १९६३ ला ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ टीव्हीवर आणला तेव्हा दर आठवड्याला एक भाग द्यायचा होता, आणि हातात ना पैसा होता ना माणसं. म्हणून सेकंदाला चोवीसऐवजी आठच चित्रं काढायची, शरीर स्थिर ठेवून नुसतं तोंड हलवायचं, आणि तोंडाचीही मोजकीच चित्रं ठेवायची: मिटलेलं, अर्धवट उघडं, पूर्ण उघडं. आवाज नंतर भरायचा. काटकसरीतून निघालेल्या या वाटेचा फायदा आम्हाला झाला. तीन चित्रांत उघडझाप करणाऱ्या त्या तोंडात कुठलीही भाषा चपखल बसते. ‘निन्जा हातोरी’ हिंदीत बोलतो तेव्हा तो मूळचा जपानी आहे हे ओठांवरून ओळखता येत नाही. हातोरीचा तो आवाज मेघना एरंडे यांचा. पुढे त्याच हातोरीची नवी मालिका निघाली, तेव्हा जपानच्या शिन-एइबरोबर मुंबईची रिलायन्स मीडियावर्क्स निर्मितीत भागीदार होती. ज्या पात्राला आपण आवाज दिला, त्याची चित्रंही आता आपल्या पैशावर निघू लागली.

मधली वर्षं मी भरभर सांगतो, कारण ती सगळ्यांना पाठ आहेत. २००३ मध्ये पोकेमॉन, चिप्सच्या पाकिटातले टॅझो, २००४ मध्ये अ‍ॅनिमॅक्स, २००५ मध्ये ‘हंगामा’ वाहिनीवर डोरेमॉन, पाठोपाठ शिनचॅन आणि त्याच्यावर २००८ मध्ये आलेली बंदी. शाळेच्या मधल्या सुट्टीत वाद एकच: गोकू भारी की पिकाचू? केबलवर जे यायचं नाही ते लॅमिंग्टन रोडवर सीडीत मिळायचं. कव्हरवर एक मालिका आणि आत भलतीच निघाली तरी ती पोरं मिटक्या मारत बघायची.

एका गोष्टीवर मात्र रेंगाळतो: बेब्लेड. मालिका लागली आणि महिन्याभरात दादर स्टेशनबाहेरच्या पथाऱ्यांवर त्याच्या स्वस्त नकला आल्या. चाळीच्या गॅलरीत आईची कणकेची परात पळवून आणायची, ती दोन पाटांमध्ये टेकवायची, दोघांनी गुडघ्यावर बसून दात्यांची पट्टी एकदम खेचायची. पितळी परातीत दोन चक्र्या आपटल्या की असा खणखणाट व्हायचा की पलीकडच्या खोलीतले आजोबा ओरडत बाहेर यायचे. आणि मग म्हणायचे, “अरे, हा तर भोवरा!” आजोबांचं बरोबर होतं. जपानमध्ये बेइगोमा नावाचा छोटा भोवरा असतो, पिंपावर कापड ताणून त्यावर दोघांनी तो फिरवायचा आणि दुसऱ्याचा बाहेर उडवायचा. बेब्लेड त्या बेइगोमावरून सुचलेला. दोरी गुंडाळून भोवरा फिरवणारी आमची गल्ली तो खेळ न शिकवताच खेळू लागली ती म्हणूनच.

उलट दिशेचाही एक प्रयोग झाला, आणि तो फारसा कुणाच्या लक्षात नाही. ‘क्योजिन नो होशी’ ही १९६६ ची जपानी बेसबॉलची कथा: गरीब घर, कठोर बाप, मुलाला घडवण्यासाठी त्याच्या अंगावर स्प्रिंगांचा साज चढवणारा. तिची भारतीय आवृत्ती ‘सूरज: द रायझिंग स्टार’ २३ डिसेंबर २०१२ पासून कलर्सवर आली. बेसबॉलच्या जागी क्रिकेट, टोकियोच्या जागी मुंबईची झोपडपट्टी, आणि स्प्रिंगांच्या जागी सायकलच्या ट्यूबा. हा शेवटचा बदल मला फार आवडतो. ज्याने हे सुचवलं त्याला मुंबईतली सायकल दुरुस्तीची दुकानं माहीत असणार. तरीही मालिका रुजली नाही. माझं मत असं की या गोष्टीची आम्हाला गरज नव्हती, कारण ती शिवाजी पार्कवर आधीच घडून गेली होती. स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवून ‘बाद केलं तर गोलंदाजाचं, नाबाद राहिलास तर तुझं’ म्हणणारे आचरेकर सर आणि ती नाणी जपून ठेवणारा शारदाश्रमचा सचिन. हे खरं घडलेलं ऐकत वाढलेल्या पोरांना त्याचं चित्र दाखवून काय होणार?

मग २०१९ आलं. माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात लागावा म्हणून इथल्या चाहत्यांनी ऑनलाइन अर्ज केला, त्यावर पन्नास हजारांहून जास्त सह्या जमल्या, आणि ११ ऑक्टोबरला चित्रपट खरोखर लागला. लोअर परळला फिनिक्समध्ये आम्ही तो पाहिला. पाऊस हाच ज्याचा नायक, असा चित्रपट मुंबईकरांनी पाहावा हे किती योग्य होतं! ज्या जागेवर ते चित्रगृह आहे तिथे १९०५ पासून फिनिक्स मिल होती. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन काइशाने कोबेहून मुंबईला आगबोटी सुरू केल्या, त्यामागे जमशेटजी टाटांचा पुढाकार होता, आणि त्या आगबोटी इथून कापसाच्या गाठी नेत. पुढे त्याच जपानचं सूत आणि कापड इथल्या गिरण्यांना भारी पडलं. गिरणगावाने जपानचं नाव घरातल्या भाकरीच्या संदर्भात आधी ऐकलं, नातवंडांनी ते पडद्यावर पाहिलं.

१२ सप्टेंबर २०२५ ला ‘डीमन स्लेअर: इन्फिनिटी कॅसल’ लागला. तांजिरो हा त्याचा नायक, कोळसा विकणाऱ्या घरातला मुलगा, बहिणीसाठी जिवावर उदार झालेला. जपानीबरोबर इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत तो आला, आणि पहाटेच्या खेळांनाही रांगा लागल्या. रांगेतल्या गप्पा मात्र मराठीत होत्या. “सब बघणार का डब?” “सबच रे, आवाजाची मजा जाते नाहीतर.” त्या यादीत मराठी नव्हती, याचं मला वाईट वाटतं. नानांचा शेरखान याच शहरात उभा राहिला, तीन चित्रांच्या त्या तोंडात मराठीही तितकीच नीट बसेल, आणि आवाज देणारे उत्तम कलाकार इथे लोकलच्या दोन-चार स्थानकांच्या अंतरात राहतात. वाहिन्यांनी आणि वितरकांनी एक चित्रपट तरी करून पाहावा.

आणि तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहेच. या वेडाचा मराठीत लिहिलेला इतिहास जवळपास नाही. कोणत्या चाळीत कोणती मालिका कुणाच्या घरी बघितली जायची, लॅमिंग्टन रोडवर कोणती सीडी हाती लागली, मराठी शाळेतल्या कोणत्या चित्रकलेच्या बाईंनी वहीतला गोकू पाहून शाबासकी दिली, हे ज्यांना आठवतं ती माणसं आज चाळिशीत आहेत आणि चाळी पाडून टॉवर होताहेत. तुमच्याकडे अशी एखादी आठवण असेल, माळ्यावर टॅझोचा डबा असेल, तर तो टाकू नका, आणि आठवण लिहून काढा. मराठीत लिहा.