टेम्पोचा जर्मन नातेवाईक

अंधेरी-मुलुंडच्या गल्लीत माल उतरवणारा ‘टेम्पो’ हे मूळचं हॅम्बुर्गच्या एका कंपनीचं नाव. १९५८ मध्ये फिरोदियांनी बजाज टेम्पो काढली आणि ते आपल्याकडे रुळलं. पुढे ती जर्मन कंपनी हॅनोव्हरच्या हानोमागकडे गेली.

दुसऱ्या महायुद्धात हानोमागची ओळख वेगळी होती. पुढे चाकं, मागे रणगाड्यासारखे पट्टे अशी सैनिक नेणारी चिलखती गाडी, २५१. पुढच्या चाकांना इंजिनचा जोर नसे. स्टिअरिंग जास्त वळवलं की एका बाजूच्या पट्ट्याला ब्रेक लागे. हुशारीच, पण महागडी! एकमेकांत गुंतलेल्या चाकांमध्ये रशियातला चिखल गोठून बसे. १९४३ मध्ये चिलखताची बांधणी सोपी केली. अशा १५ हजारांहून जास्त गाड्या निघाल्या. यंत्राचं कौतुक करणारे एक गोष्ट सहसा गाळतात: हानोमागमध्ये वेठीला धरलेले परदेशी कामगार राबत होते, १९४५ मध्ये तर छळछावणीतले कैदीही.